घरची मालकीण

परवा धाकट्या भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. म्हणाला, "ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे गं." मी कागद ठेवून घेतला. रात्री झोप लागेना, तेव्हा का कोण जाणे, मागे कधीतरी वाचलेली नौनख्ते आठवली.

ही बाई प्राचीन इजिप्तची. नाईलच्या पश्चिमेला, आजच्या लक्सरसमोर, देर अल-मदिना नावाचं कारागिरांचं गाव होतं. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे लोक तिथे राहत. गावात मान लेखनिकाचा, कारण लिहिता-वाचता येणं हेच वरच्या वर्गात शिरायचं दार. नौनख्तेचा पहिला नवरा असाच लेखनिक. तो गेल्यावर तिने एका कारागिराशी लग्न केलं, आठ मुलं वाढवली, त्यांचे संसार मांडून दिले.

इ. स. पूर्व ११४५च्या सुमारास ही म्हातारी गावच्या न्यायसभेपुढे उभी राहिली. तिने स्पष्टच सांगितलं, म्हातारपणी ज्यांनी मला बघितलं त्यांना माझं मिळेल, ज्यांनी पाठ फिरवली त्यांना नाही. एका मुलाला तर भावंडांपेक्षा एक ब्राँझचं भांडं जास्त! वडिलांच्या वाट्याला मात्र तिने हात लावला नाही, तो सगळ्याच मुलांचा. तिचं हे मृत्युपत्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

तिथे खात्यापित्या घरच्या बाईला 'घरची मालकीण' म्हणत, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. बाई स्वतःच्या नावावर जमीन घेई, विकी, वेळ पडली तर फिर्याद करी. लग्न झालं तरी तिचं ते तिचंच राही. अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. दरबारातले मोठे हुद्दे पुरुषांचेच. आणि शेतात राबणाऱ्या बाईपाशी मृत्युपत्र करण्याजोगं होतं तरी काय?

आपल्याकडे २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. कायदा आला, पण "भावाशी वाईटपणा कशाला?" हा प्रश्न काही घरातून गेला नाही. माझ्याही मनात तोच होता.

सकाळी मी भावाला फोन केला. म्हटलं, "सहीचं नंतर बघू. आधी आईचं औषधपाणी कोण बघणार, ते कागदावर लिही."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "रविवारी ये, बसून बोलू."

जाणार आहे. कागद पर्समध्येच आहे, कोराच.