सोळाव्या वर्षी लायसन्स? आधी हे वाचा!

वास्कोतल्या नव्या रायडरांनो, दहावी झाली की दारातली स्कूटर खुणावतेच. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची, बिनगिअरची गाडी मिळते. तीही पालकांच्या लेखी संमतीने. घरची ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. तिच्यासाठी अठरा पूर्ण हवीत.

✅ लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर.
✅ पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’, पुढे आणि मागे. मागे मित्राला बसवू नका, शिकवणारा चालेल.
✅ बिनगिअरच्या लायसन्सवर गिअरची बाईक चालवता येत नाही.
⚠️ लायसन्सशिवाय अल्पवयीन मूल पकडलं गेलं, तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हेल्मेटचा पट्टा ‘टक्’ वाजेपर्यंत लावा. मांगोर हिलच्या ओल्या उतारावर ब्रेक हळूहळू दाबा. घाई नको, रस्ता कुठे पळून जात नाही! ❤️