शोषलेला प्रकाश जातो कुठे?

ग्रॅफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. त्याच्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी जेमतेम २.३ टक्के प्रकाश तो शोषतो. इलेक्ट्रॉन त्यातून सुसाट धावतात खरे, पण प्रकाशसंवेदक बनवायला एवढे शोषण पुरत नाही. अर्धवाहकाच्या क्वांटम डॉटचे नेमके उलटे आहे. काही नॅनोमीटरचे हे कण प्रकाश भरपूर शोषतात, शिवाय आकार बदलला की शोषणाचा रंगही बदलतो. मात्र एका कणातून दुसऱ्या कणात जाताना विद्युतभार अडखळतो. तेव्हा दोघांची जोडी जमवावी, हा विचार सरळ वाटतो. २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी ग्रॅफीनवर लेड सल्फाइडचे डॉट पसरून बनवलेल्या संवेदकात एका फोटॉनमागे सुमारे दहा कोटी विद्युतभार वाहिले. प्रकाशाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन डॉटमध्ये अडकून राहतो, त्याची धन जोडीदार पोकळी ग्रॅफीनमध्ये उतरते, आणि इलेक्ट्रॉन सुटेपर्यंत ग्रॅफीनमधला प्रवाह वाढलेलाच राहतो.

पण हीच जोडी नुकसानीचीही ठरू शकते. २०१० मध्ये कॅडमियम सेलेनाइडचे डॉट ग्रॅफीनच्या एका थरावर ठेवले, तेव्हा त्यांची चमक सुमारे सत्तर पटींनी घटली. तिथे विद्युतभार हललाच नव्हता. डॉटमधली ऊर्जा तेवढी ग्रॅफीनने ओढून घेतली होती. चमक दोन्ही वाटांनी मंदावते, त्यामुळे नुसती चमक मोजून निदान होत नाही. इथे सिद्धान्त कामी येतो. त्याच्या हिशेबाने डॉट आणि ग्रॅफीनमधले अंतर दुप्पट केले की ऊर्जेची उचल साधारण एक-सोळांश होते. विद्युतभाराची उडी मात्र अंतरागणिक घातांकी वेगाने, म्हणजे कितीतरी झपाट्याने, आटते. हे अंतर राखणाऱ्या, डॉटभोवतीच्या रेणूंची लांबी किती ठेवायची, हे यावरून ठरवता येते.

यावर आक्षेप असा, की कागदावरचे डॉट एकसारखे आणि निर्दोष असतात; प्रत्यक्षात त्यांचे आकार कमीजास्त आणि पृष्ठभाग सदोष. आक्षेप खरा आहे. पण म्हणून गणित निरुपयोगी ठरत नाही. आदर्श जोडीत काय घडायला हवे हे आधी ठाऊक असेल, तरच प्रत्यक्षातली तफावत दोषांमुळे आहे की समजुतीच्या चुकीमुळे, हे कळते. वरचा २.३ टक्के हा आकडाही सिद्धान्तात पाय आणि सूक्ष्म-संरचना स्थिरांक यांच्या गुणाकारातून निघतो, आणि २००८ मध्ये मँचेस्टरला झालेल्या मोजमापाशी तो जुळला. डॉट आणि ग्रॅफीनच्या जोडीचे गणित इतके सुटसुटीत नाही. पण शोषण वाढवण्याच्या खटपटीला लागण्यापूर्वी शोषलेली ऊर्जा कोणत्या वाटेने जाते ते तपासा, एवढे ते आजही ठामपणे सांगते.