उबदार ध्वनी

उबदार ध्वनी : खालच्या स्वरांचा भरीवपणा व उच्च कंप्रतांची सौम्यता यांमुळे कानास सुखद वाटणारा पुनरुत्पादित ध्वनी. काळी एक पट्टीत पुरुष गायकाचा मध्य षड्ज सु. १३९ हर्ट्‌झ, तर तंबोऱ्याचा खर्ज सु. ६९ हर्ट्‌झ असतो. हेडफोनमध्ये हा भाग क्षीण झाल्यास गायन कोरडे वाटते. परळ (मुंबई) येथील ‘राजकमल कलामंदिर’च्या (स्था. १९४२) काळातील बोलपटांच्या प्रकाशीय ध्वनिपट्टात उच्च कंप्रता क्षीण होत, जुन्या चित्रपटगीतांच्या मृदुतेचे हे एक कारण होय.

इलेक्ट्रॉन-नलिकांचे काही विवर्धक मूळ स्वरात वरच्या सप्तकातील त्याच स्वराचा अंश मिसळतात, त्यामुळे ध्वनी भरीव भासतो. विवर्धकाचा निर्गम रोध वाढविल्यासही काही हेडफोनांचा खर्ज उठावतो. उदा., ३०० ओहम संरोध १०० हर्ट्‌झला ५०० ओहम होत असल्यास, १०० ओहम रोधाने तेथील पातळी सु. ०.९ डेसिबेलने उंचावते. तथापि कानाभोवतीची गादी घट्ट बसविणे व २ ते ५ किलोहर्ट्‌झमधील भाग किंचित घटविणे, हे उपाय अधिक सोपे आहेत.

वरळीसारख्या रहदारीच्या भागात वाहनांचा घरघराट खर्ज झाकतो व श्रोता आवाज चढवितो. हे घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांस ८० डेसिबेल पातळी आठवड्यास ४० तासांपुरतीच सुरक्षित होय. अशा ठिकाणी बाह्य गोंगाट रोखणारा बंदिस्त हेडफोन श्रेयस्कर ठरतो.