छायाचित्रांत जपलेला फ्रँकींचा नाच

मे २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका वाढदिवसाचा सोहळा झाला. सत्कारमूर्ती मात्र हयात नव्हते. लिंडी हॉप या जोडीनृत्याचे अध्वर्यू फ्रँकी मॅनिंग यांचे ९५व्या वाढदिवसाला महिना उरला असताना, २७ एप्रिल रोजी निधन झाले होते. तरीही देशोदेशीचे नर्तक जमले, नाचले आणि एकमेकांची छायाचित्रे टिपत राहिले. या हौशी छायाचित्रांचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह सुरू झाले. काळे आणि गोरे तेथे एकत्र नाचत. त्या काळच्या अमेरिकेत हे दुर्मीळच होते. तेथेच तरुण फ्रँकींनी लिंडी हॉपची ढब बदलली. आधीचे नर्तक ताठ उभ्याने नाचत, तर फ्रँकी धावपटूसारखे कमरेतून पुढे झुकून नाचत. १९३५ मध्ये जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टन यांना पाठीवरून पलटी देऊन त्यांनी हवेतील करामतींचा पायंडा पाडला.

या नाचाला लिखित संहिता नाही. तो पाहून आणि नाचूनच शिकायचा. फ्रँकींच्या झुकलेल्या पाठीचा कोन छायाचित्रात अचूक सापडतो. लय मात्र त्यात उतरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ती चित्रफितींत आणि शिकविणाऱ्यांच्या अंगात असते.

कॅमेरे तेव्हाही होते. प्रश्न होता तो नावांचा. १९४१च्या ‘हेल्झापॉपिन’ या चित्रपटातील गाजलेला लिंडी हॉप फ्रँकींनी बसविला. पडद्यावर हे नर्तक स्वयंपाकी, मोलकरीण अशा नोकरांच्या वेशात दिसतात आणि श्रेयनामावलीत त्यांना ‘हार्लेम काँगरू डान्सर्स’ असे एकगठ्ठा नाव मिळाले. १९४३ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने या नाचाला राष्ट्रीय लोकनृत्य म्हणून गौरविले. मुखपृष्ठावर झळकली ती ब्रॉडवेच्या रंगभूमीवरील गोरी जोडी! सॅव्हॉयचे लिऑन जेम्स आणि विला मे रिकर यांना आतली पाने मिळाली. कॅमेरा कोणाच्या हाती आहे आणि चित्र निवडतो कोण, यावर इतिहास कसा ठरतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढे स्विंग संगीताची चलती ओसरली. फ्रँकींनी टपाल खात्यात सुमारे ३० वर्षे नोकरी केली. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद पडून जमीनदोस्त झाले. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन तरुण नर्तकांनी फ्रँकींना शोधून काढले आणि सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ पुन्हा शिकवू लागला. ‘ब्लॅक अँड ब्लू’साठी १९८९ मध्ये त्यांना नृत्यदिग्दर्शनाचा टोनी पुरस्कारही मिळाला. वाढदिवसाला वयाच्या वर्षांइतक्या जोडीदारांबरोबर नाचण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध होती.

या दुसऱ्या पर्वात कॅमेरा नाचणाऱ्यांच्याच हाती आला. २००४ मध्ये ‘फ्लिकर’ सुरू झाल्यावर असे संग्रह सर्वांसाठी खुले करणे सोपे झाले. पण मोफत साठवण म्हणजे कायमची जपणूक नव्हे. २०१८ मध्ये याच ‘फ्लिकर’ने मोफत खात्यांवर १००० छायाचित्रांची मर्यादा घालून त्यापलीकडची छायाचित्रे काढून टाकण्याचे जाहीर केले. मूळ प्रत स्वतःजवळ आणि दुसरी अन्यत्र ठेवणे म्हणूनच आवश्यक. तितकीच आवश्यक आहे ती ओळ : तारीख, स्थळ, टिपणाऱ्याचे नाव आणि जोडीतील दोघांचीही नावे. ओळीविना छायाचित्र सुंदर असेल. पुरावा म्हणून ते मुके राहते.

सॅव्हॉयच्या जागी २००२ मध्ये स्मृतिफलक बसविण्यात आला, तेव्हा फ्रँकींसोबत त्यांच्या जुन्या सहनर्तिका नॉर्मा मिलर होत्या. जुन्या छायाचित्रांतील चेहरे ओळखू शकणाऱ्या मोजक्या व्यक्तींपैकी त्या एक. २०१९ मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी, त्याही गेल्या. फ्रँकींचा जन्मदिवस, २६ मे, आता जागतिक लिंडी हॉप दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी टिपलेल्या छायाचित्रांखाली नावे लिहिण्याचे काम त्याच रात्री उरकलेले बरे.