शिवारातले सेन्सर : पाऊस नाही, पीक आडवं येतं

सौर पॅनेल आणि बॅटरीचा विषय या आठवड्यात घेऊ म्हटलं होतं; तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. निलंगा तालुक्यातल्या एका वाचकांच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायला हवं. मे महिन्यात उसात बसवलेल्या ओलाव्याच्या सेन्सरचे आकडे जूनपर्यंत नीट येत होते, ऑगस्टमध्ये मात्र तासन्‌तास खंड पडू लागला. पाऊस रेडिओलहरी खातो का, असं ते विचारतात. जोराचा पाऊस आला की घरची डिश बंद पडते, त्यावरून हा तर्क कुणालाही सुचेल. पण डिशचा सिग्नल 11-12 गिगाहर्ट्‌झचा, त्याची लहर अडीच सेंटिमीटरची. काही मिलिमीटरचे थेंबही तिला रोखू शकतात. आपले सेन्सर 865 ते 868 मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्यात बोलतात. तिथली लहर सुमारे 35 सेंटिमीटर लांब. ताशी 50 मिलिमीटरचा पाऊस कोसळत असला, तरी किलोमीटरभरात एका डेसिबलचा शंभरावा भागही त्या पावसापायी जात नाही.

आडवं येतं ते पीक. रेडिओलहर दोरीसारख्या सरळ रेषेतून जात नाही, तिला रेषेभोवती फुगीर जागा लागते. एक किलोमीटरच्या अंतराला मधोमध या जागेची त्रिज्या 9.3 मीटर होते आणि तिचा निदान 60 टक्के भाग, म्हणजे 5.6 मीटर, मोकळा असावा लागतो. आता सपाट रानात सेन्सरचा अँटेना दीड मीटरवर आणि आखाड्यावरच्या गेटवेचा, म्हणजे सेन्सरचे आकडे झेलणाऱ्या यंत्राचा, दहा मीटरवर धरा. मध्यावर रेषेची उंची 5.75 मीटर. मोकळ्या जमिनीवर हे जेमतेम जमतं. तोच ऊस सप्टेंबरमध्ये तीन मीटर झाला, की शेंड्यावर उरतात पावणेतीन मीटर, गरजेच्या निम्म्याहून कमी. शिवाय सेन्सरचा अँटेना स्वतःच उसात बुडालेला, आणि पानं ओली. पान ओलं असलं की लहर जास्त शोषतं. सोयाबीन कमरेखाली राहतं म्हणून तिथे फारसं बिघडत नाही. तूर मात्र डोक्याच्या वर जाते आणि डिसेंबरपर्यंत रानात उभी असते.

हा खंड ज्या दिवशी पडतो, तो दिवस सर्वांत महत्त्वाचा असतो, म्हणून मी या मुद्द्यावर अडून बसलो आहे. 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि ती मोजतात महसूल मंडळाच्या केंद्रावर. मंडळ मोठं असतं; एका गावात धो धो आणि शेजारच्या गावात कोरडं, हे मराठवाड्याला नवं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरलं, तशा रात्री आपल्या रानात किती पडलं याची नोंद हवी असते. उन्हाळ्यात शंभर टक्के आणि त्या रात्री शून्य, अशा सेन्सरची वर्षभराची सरासरी कितीही चांगली दिसली तरी उपयोग काय?

मग रेडिओची शक्ती वाढवावी, असं सुचवलं जातं. जमिनीलगतच्या सिग्नलला तिचा फायदा फार थोडा. शक्ती दुप्पट केली तर अंतर 19 टक्क्यांनी वाढतं आणि बॅटरी लवकर संपते. एकाच टोकाचा अँटेना दुप्पट उंच केला तर 41 टक्क्यांनी वाढतं, बॅटरीला धक्का न लावता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सेन्सर उंच नेला तर मोजमापच चुकेल. खरंच चुकेल. पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवरच हवं, उंचावर वारा थेंब उडवून नेतो. ओलाव्याचा दांडा मुळांशीच हवा. पण सेन्सर आणि रेडिओ एकाच डब्यात असले पाहिजेत असं कुठे आहे? रेडिओचा डबा खांबावर चढवा आणि सेन्सरची तार खाली सोडा. उलट करू नका. डबा खाली ठेवून अँटेनाची पातळ केबल वर नेली, तर दहा मीटरच्या केबलमध्येच निम्म्याहून अधिक शक्ती जिरते. अँटेना उभा ठेवा, लोखंडी खांबापासून हातभर दूर, आणि जोडावर पाणी शिरणार नाही अशी टेप गुंडाळा. विजेचा धोका खरा आहे. उंच खांबाला अर्थिंग हवंच, ते पुढच्या आठवड्यात सौर पॅनेलबरोबर सविस्तर घेऊ.

वरच्या उदाहरणात दोन्ही टोकं तीन-तीन मीटरनं उचलली, साडेचार आणि तेरा, की उसाच्या शेंड्यावर पुन्हा पावणेसहा मीटर मिळतात. निलंग्याच्या वाचकांनी निदान सेन्सरकडचं टोक तरी आत्ताच उचलावं. नव्यानं बसवणाऱ्यांनी जागेची चाचणी शक्यतो भर सप्टेंबरात, पाऊस उघडल्या उघडल्या घ्यावी. मे महिन्यातच घ्यावी लागली, तर सिग्नल नुसता पोचतो यावर समाधान मानू नये. 20 डेसिबल तरी शिल्लक दिसले पाहिजेत.