साध्या घरांचे छायाचित्रण

आपल्याकडील छायाचित्रकलेचा आरंभीचा इतिहास पाहिला, तर कॅमेऱ्याची नजर प्रथम वैभवाकडे वळलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी महालांची आणि दरबारी सोहळ्यांची असंख्य चित्रे घेतली. बीदर जिल्ह्यातील राजेश्वर हे गावही त्याच संस्थानात होते. परंतु अशा गावातील साधे घर हा छायाचित्राचा विषय होऊ शकतो, असे त्या काळी क्वचितच कोणाच्या मनात आले असेल.

जे देखणे नाही, त्याचे चित्र कशासाठी घ्यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या बीडीडी चाळींत सापडते. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे त्या बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची, असा त्यांचा साचा. एकाच चाळीचे चित्र पाहिले, तर ती केवळ जुनाट इमारत भासते. तथापि दहा-वीस चाळींची चित्रे शेजारी शेजारी मांडली, म्हणजे एका खिडकीतील तुळस, दुसरीवरचा पत्रा आणि तिसरीबाहेर वाळणारे कपडे बोलू लागतात. साचा सरकारचा होता. त्याचे घर माणसांनी केले, हा अर्थ तुलनेतून प्रकट होतो.

जर्मनीतील बेर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने हीच दृष्टी शास्त्रशुद्ध केली. १९५९ पासून त्यांनी झीगन परिसरातील लाकडी चौकटींची साधी घरे टिपली. आकाश ढगाळ असावे, म्हणजे सावल्या गडद पडत नाहीत. कॅमेरा घराच्या थेट समोर असावा आणि सर्व चित्रांची मांडणी सारखी असावी, हे त्यांचे नियम. मांडणी स्थिर राहिली, की घराघरांतील भेद आपोआप उठून दिसतो.

या कामाला काळाची मर्यादा आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू असून वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांची नवी घरे मिळाली. ही आनंदाचीच गोष्ट होय. पण त्यासाठी जुन्या चाळी पाडाव्या लागतात. राजेश्वरपासून फार दूर नसलेल्या किल्लारी परिसरात तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने दगडमातीची हजारो घरे काही क्षणांत पाडली आणि माणसांनाही गिळले. ज्या घरांची चित्रे कोणी घेतली नव्हती, ती केवळ वाचलेल्यांच्या स्मरणात उरली.

आज खेडोपाडी मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. राजेश्वरातील एखाद्या तरुणाने घरमालकांची अनुमती घेऊन एका गल्लीतील प्रत्येक घर समोरून टिपले आणि प्रत्येक चित्राखाली दिनांक व गल्लीचे नाव लिहिले, तर पुढील पिढीला आपले पूर्वज कसे राहत होते, याचा विश्वसनीय पुरावा लाभेल.