अहमदनगरचा इराणी सांस्कृतिक वारसा

निजामशाहीच्या काळात (१४९०–१६३६) अहमदनगर येथे इराणशी आलेल्या संपर्कातून रुजलेली उद्यानरचना, वास्तुशिल्प, चित्रकला, इतिहासलेखन व राज्यव्यवहाराची परिभाषा यांचा समुच्चय. शहराचे अधिकृत नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले; प्रस्तुत नोंदीत ऐतिहासिक संदर्भामुळे जुने नाव योजले आहे.

मलिक अहमद निजामशाह याने १४९४ मध्ये भिंगारजवळ सीना नदीकाठी हे शहर वसविण्यास प्रारंभ केला. संस्थापकाचे घराणे इराणी नव्हते. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. तरीही दरबाराची भाषा फार्सी राहिली आणि अभिरुचीचे मानदंड इराण व मध्य आशिया येथून आले. बहमनी काळापासून इराणी आखाताशी समुद्रमार्गे चालणारा घोड्यांचा व्यापार हे याचे एक कारण होय. हुर्मुझहून निघालेली गलबते चौल बंदरात येत व त्यांतून घोड्यांप्रमाणेच विद्वान, कवी, वैद्य, सैनिक आणि कारागीरही येत. चौल निजामशाहीत असल्याने त्यांना घाट चढून राजधानी गाठणे सोपे होते.

या आगंतुकांत शाह ताहिर हा सर्वांत प्रभावी ठरला. काशान येथे अध्यापन करणारा हा शिया पंडित इराणमधील छळाला कंटाळून भारतात आला व १५२२ मध्ये अहमदनगरास पोहोचला. किल्ल्यातील त्याच्या प्रवचनांना पहिला बुऱ्हाण निजामशाह स्वतः उपस्थित राही. त्याच्याच प्रभावाने बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथास राजमान्यता दिली आणि इराणच्या सफावी दरबाराशी वकिलातींची देवघेव सुरू झाली. याच बुऱ्हाणने कंवरसेन या ब्राह्मणास पेशवेपद दिले होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

इराणी प्रभावाचा सर्वांत स्पष्ट ठसा शहराभोवतीच्या उद्यानांवर उमटला. ‘हश्त बिहिश्त’ (आठ स्वर्ग) हे अहमद निजामशाहाच्या काळातील उद्यान शहराच्या उत्तरेस आहे. त्यात अष्टकोनी हौदाच्या मध्यभागी अष्टकोनी महाल होता. मधले दालन आणि त्याभोवती आठ उपदालने या मांडणीची परंपरा तैमुरी काळापासूनची असून तब्रीझ येथील याच नावाचा महाल पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध होता. इस्फाहानचा विख्यात हश्त बिहिश्त महाल मात्र १६६९ च्या सुमाराचा, म्हणजे अहमदनगरच्या उद्यानाहून सुमारे दीडशे वर्षांनी अलीकडचा आहे. अहमदनगरास ‘दख्खनचे इस्फाहान’ म्हणण्याचा मोह म्हणूनच टाळावा लागतो. दोन्ही शहरांनी एकाच जुन्या परंपरेतून आपापली रचना घेतली.

शहराच्या आग्नेयीस असलेला फराह बाग महाल अधिक चांगल्या स्थितीत आहे. त्याच्या बांधकामावर एकाहून अधिक अमीरांनी काम केले व मुर्तजा निजामशाहाच्या कारकीर्दीत सलाबतखानाने ते १५८३ मध्ये पूर्ण केले. विस्तीर्ण चौरस तलावाच्या मध्यभागी चौथऱ्यावर हा दुमजली महाल उभा आहे. चारही दिशांना उंच कमानींची खोल प्रवेशदालने (ईवान) आणि मध्ये घुमटाखालील भव्य दालन अशी त्याची रचना आहे. तलावावरून येणारा वारा कमानींतून आत शिरून दालन थंड राखी. महालाची उंची, कमानींची प्रमाणे व पाण्यातील प्रतिबिंब यांचा मेळ घालूनच ही रचना कल्पिलेली होती.

अर्थात अवर्षणप्रवण प्रदेशात पाण्यावर आधारलेली वास्तुकला पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थेविना अशक्यच होती. कापूरवाडी व आसपासच्या उंचवट्यावरील गावांतून भूमिगत खापरी नळांनी केवळ उताराच्या बळावर शहरात व बागांत पाणी आणले जाई. डोंगराच्या पायथ्याचे भूजल बोगद्यातून मैलोगणती वाहून नेणाऱ्या इराणी कारेझशी (कनात) या योजनेचे तत्त्व जुळते. बांधणीत मात्र फरक असून येथे नळाचा भाग मोठा आहे. मलिक अंबरने पुढे खडकी (औरंगाबाद, सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे नहर बांधली तीही याच परंपरेतील. पुढे हे नळ बुजले व फुटले, तेव्हा हौद कोरडे पडले आणि उद्यानांचा अर्थच हरपला. आज फराह बागेत येणाऱ्यास उघड्या खळग्यात उभी एक मोठी पडकी इमारत दिसते. ती पाण्यासाठी बांधली होती, हे सांगावे लागते. शहरापासून दूर डोंगरावर असलेली सलाबतखानाची अष्टकोनी कबर लोकांत ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते, हा अशाच विस्मरणाचा दुसरा नमुना.

बांधकामात इराणी कल्पना व स्थानिक हात यांची सांगड दिसते. इराणमध्ये विटा व रंगीत चकचकीत फरशा यांनी साधलेला परिणाम येथे दगड व चुनेगच्ची यांतून साधला आहे. दमडी मशिदीतील (१५६७) दगडी कोरीवकाम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

अशीच सरमिसळ चित्रकलेत आढळते. पहिल्या हुसेन निजामशाहाच्या गौरवार्थ आफताबी या कवीने रचलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फार्सी काव्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तीत १५६५ च्या तालिकोट येथील युद्धाचे वर्णन असून १२ चित्रे शिल्लक आहेत. उंच क्षितिजरेषा व सोनेरी आकाश इराणी वळणाचे आहे, तर स्त्रियांची वस्त्रे भारतीय आहेत. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष फुलतो. हा संस्कृत काव्यातील दोहदाचा संकेत होय. राजाशेजारी चितारलेली राणी खुंझा हुमायून काही चित्रांत पुसून टाकलेली आहे. १५६९ मध्ये तिचा पुत्र मुर्तजा याने तिला कैद केले. चित्रे त्यानंतर बिघडविली गेली असावीत.

इतिहासलेखनात सय्यद अली तबातबा याचा ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ हा निजामशाही व बहमनी काळाचा महत्त्वाचा आधारग्रंथ येथेच सिद्ध झाला. जुहूरी या कवीने आपले ‘साकीनामा’ हे काव्य दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहास अर्पण केले. फिरिश्ता हा आस्त्राबाद येथे जन्मला व बालपणी पित्याबरोबर अहमदनगरास आला. या शहराने त्याला घडविले, पण राखले नाही. दरबारातील परदेशी (आफाकी) व दख्खनी या दोन तटांतील वैर १५८९ मध्ये परदेशीयांच्या कत्तलीपर्यंत गेले. त्याच वर्षी फिरिश्ता विजापूरला निघून गेला आणि आपला प्रसिद्ध इतिहास त्याने तेथे लिहिला. जुहूरीही अखेर विजापूरच्याच आश्रयास गेला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर उरलेला राजाश्रयही संपला.

दरबार लोपला तरी त्याची परिभाषा मराठी कारकुनांच्या लेखणीत टिकली. सुलतानी अंमलातील फर्माने फार्सीबरोबर मराठीतही निघत व गावचे दप्तर मराठीत राही. या दुभाषी व्यवहारातून पेशवा, चिटणीस, फडणीस, खजिना, जमीन, दरवाजा असे असंख्य शब्द मराठीत स्थिरावले. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’त अशा शब्दांना संस्कृत पर्याय सुचविण्यात आले. काही पदनामे त्यामुळे बदलली, पण ‘पेशवा’ हे नाव निजामशाहीतून मराठेशाहीत आले ते कायमचे. माधव ज्यूलियन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) या शब्दसंपत्तीचा व्याप दाखवितो.